चार किलो

जाताना बॅग वडिलांनीच उचलून पाहिली होती,
विमानतळाच्या काट्याआधी,
एका हाताने, पायरीवर, चपला न घालता.
"तेवीसला शंभर ग्राम कमी," म्हणाले,
"खारकेची पुडी बसंल अजून एक."
काट्यानेही तेच सांगितलं.

तीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यांत
पाठीवर गोणी घेतलेल्या माणसाला
वजन वाचता येतं, जसं मला जर्मन:
आधी चुकतमाकत, मग स्वप्नातसुद्धा.

अडीच वर्षांनी तीच बॅग, तीच पायरी,
कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या घराची,
ज्याच्या डोक्यावर आता एक मजला चढलाय
(माझ्यासाठी. रंगाचा वास अजून गेला नाही.)
उचलली. ठेवली. पुन्हा उचलली.
"एकोणीस," म्हणाले.
"हर्षे, चार किलो कुठं ठिवून आलीस?"

मी हसले. आई हसली. दारातून नलावडेकाकी हसल्या.
रात्री मात्र मोजत बसले.

जाड कोट, ताजिक मैत्रिणीला दिला: दीड किलो.
कुकर, ज्याच्या शिट्टीला घाबरून
खालच्या मजल्यावरच्या बाईने दाराला चिठ्ठी लावली होती,
तो शेवटी तिलाच दिला: दोन.
अर्धा किलो हिशेबात येईना.

दुपारी चारला पडणारा अंधार असेल तो.
किंवा रविवारची शांतता,
जिच्यात फ्रिज सुरू झालेला कळायचा.
किंवा खोलीची कडी.
इथे कडी लावली की आई बाहेरून विचारते,
"बरं न्हाई का गं?"

पहिल्या सकाळी चहा दिला तर "थँक यू" म्हणाले.
तिने कप ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं
जसं पाव्हण्याकडे पाहतात.
तोंडातून "गेनाउ" निघून जातं,
ती विचारते, "काय नऊ?"
रात्री साडेअकराला, सेक्टरच्या रिकाम्या चौकात
लाल दिव्यापुढे मी एकटीच उभी.
एक कुत्रा रस्ता ओलांडून गेला,
पलीकडे थांबून त्यानेही मागे वळून पाहिलं.

मी शिकले ते सांडपाणी.
बँकेचं कर्ज काढून, परक्या भाषेत, सांडपाणी.
"म्हंजी गटार?" काकी विचारतात.
हो काकी, गटारच.
ओहोटीला खाडीचा वास घरात शिरतो
तेव्हा त्यातला एकेक वायू मला नावानिशी ओळखू येतो,
आणि तरी भिंतीला टेकून
मी खोल श्वास घेते.
ब्रेमेनमध्ये हे कुणाला सांगितलं नसतं.
इथेही नाही.

वडील आता बाजारात जात नाहीत. मणका.
पण पहाटे तीनला जाग येतेच त्यांना,
आणि मी तोवर जागीच,
माझ्या अंगात अजून कालचा दिवस संपलेला नसतो.
ओट्यावर बसतो दोघं. बोलत नाही फारसं.
एकदाच म्हणाले, "परत जावंसं वाटतं?"
मी म्हणाले, "माहीत नाही."
"मलाबी," म्हणाले,
आणि बाजाराच्या दिशेला बघत राहिले.

काल गिरणीत निघालो. गव्हाचा डबा माझ्या हातात.
"सांग," म्हणाले.
मी हात ताणला, डोळे मिटले.
"अकरा."
त्यांनी दोन बोटांनी कडी धरली,
पाठीचा मणका क्षणभर विसरून.
"साडेदहा. यील हळूहळू."

गिरणीच्या काट्यावर भरलं अकराला दोनशे वर.
त्यांनी काट्याकडे पाहिलं, गिरणीवाल्याकडे,
मग माझ्याकडे.
"काटा खराब हाय," म्हणाले.